कुलूप एक ओळ उशिरा

"यादीत एकच नाव आहे, मॅडम. काल तेहतीस होती."

रूपालीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. यादी एका डायलिसिस सेंटरची. कोणता पेशंट किती वाजता, कोणत्या मशीनवर, हे त्यात असतं. तिथल्या सिस्टर जुन्या वळणाच्या, रोजची यादी संध्याकाळी वहीत उतरवून ठेवणाऱ्या. म्हणून कुणाचं डायलिसिस चुकलं नाही. पण सेंटरवाल्यांनी फोनवर आमची चांगलीच खरडपट्टी काढली.

मालाडच्या आमच्या कंपनीत माणसं नऊ. मालक देसाई, सगळ्यात जुनी मी आणि सगळ्यात नवी रूपाली. ती चारकोपहून येते. मुलीसाठी आठ वर्षं घरी होती. परत नोकरी मिळवताना तिला किती दारं वाजवावी लागली, हे मला माहीत होतं. तिचं प्रोबेशन त्याच शुक्रवारी संपणार होतं, आणि हा बुधवार.

"कशाच्या जोरावर कन्फर्म करू तिला, सांग," देसाई म्हणाले.

"आधी चूक तर सापडू दे."

"चूक दिसतेय ना. फाइल रिकामी."

फाइल रिकामी कशी झाली, ते सोप्यात सांगते. सेंटरमध्ये दोन काउंटर. दोन्हीकडून एकच फाइल लिहिली जाते. दोघांनी एकदम लिहू नये म्हणून प्रोग्रॅम फाइलला कुलूप लावतो. एकाचं होईपर्यंत दुसरा थांबतो. हा प्रोग्रॅम रूपालीने लिहिलेला, आणि कुलूपही तिने लावलं होतं. पण फाइल "लिहिण्यासाठी" उघडली, की उघडताक्षणीच आतलं सगळं पुसलं जातं. म्हणजे दुसरा काउंटर कुलपापाशी थांबायचा खरा, पण त्याआधीच यादी पुसून मोकळा झालेला असायचा. मग रिकाम्या यादीत तो आपलं एकच नवं नाव लिहायचा. कुलूप एक ओळ उशिरा होतं.

"मी मनाने काही केलं नाही," रूपाली म्हणाली. "डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण जसंच्या तसं घेतलं. तुम्हीच म्हणाला होतात, तिथलं बघून कर."

म्हणाले होते. वर तिचा कोड तपासून पासही मीच केला होता. चार मिनिटांत. ओळखीचा वाटला म्हणून.

डॉक्युमेंटेशन म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या भाषेची माहिती देणारी पानं. आमच्या भाषेची पानं जगभरातले हौशी लोक लिहितात. कुणीही दुरुस्ती सुचवावी, दोघा-तिघांनी तपासावी, मग ती पानावर चढते. आणि आम्हा प्रोग्रॅमर मंडळींची रीत अशी, की वरचा मजकूर कुणी वाचत नाही. खालचं उदाहरण उचलायचं आणि चालू पडायचं.

हे दिव्य उदाहरण कुणी लिहिलं, ते बघायला मी पानाचा इतिहास उघडला. कुणी काय बदललं, ते तिथे नावानिशी राहतं. त्या माणसासाठी दोन शेलके शब्द माझ्या तोंडात तयार होते.

नाव माझं निघालं.

नऊ वर्षांपूर्वीचं. जुन्या उदाहरणात कुलूपच नव्हतं. ते मी घातलं होतं, चुकीच्या जागी, आणि मोठं समाजकार्य केल्यासारखं घरी सगळ्यांना दाखवलंही होतं. माझे कान गरम झाले. लाज वाटली, फार वाटली. गुपचूप पान दुरुस्त करावं आणि गप्प बसावं, असंही मनात आलं. चहा संपेपर्यंत तो विचार टिकला. मग मी देसाईंच्या केबिनमध्ये गेले.

"म्हणजे चूक तुझी?"

"उदाहरण माझं, तपासणी माझी. टायपिंग तेवढं तिचं."

देसाईंना पटलं नाही. "तिला वाचवायला तू काहीही सांगशील. त्या पानवाल्यांनी मान्य केलं की ये."

सेंटरचा प्रोग्रॅम आम्ही त्याच दुपारी दुरुस्त केला. फाइल न पुसता उघडायची, कुलूप लावायचं, मग पुसून लिहायचं. हेच मी पानासाठी पाठवलं. गुरुवारी सकाळी उत्तर आलं: हे उदाहरण नऊ वर्षं आहे, कुणाची तक्रार नाही, नवीन उदाहरण लांबलचक आहे, शिकणारे गोंधळतील. नामंजूर.

माझं डोकं सटकलं. मी तावातावाने उत्तर टाइप करायला घेतलं. रूपाली मागे उभी राहून वाचत होती.

"मॅडम, भांडू नका ना. त्यांना दाखवू या."

"काय दाखवणार? कधीतरीच होतं ते. बरोबर एकाच क्षणी दोघांनी दाबलं तरच."

"मग तो क्षण लांबवू या."

तिने माझं जुनं उदाहरण घेतलं. फाइल उघडणं आणि कुलूप लावणं यांच्यामध्ये दोन सेकंद थांबायची एक ओळ घातली. स्क्रीनवरच्या दोन खिडक्यांत तोच प्रोग्रॅम एकदम चालवला. यादी पुसली गेली. पुन्हा चालवला, पुन्हा पुसली. दर वेळी.

"मुलीला गणित असंच शिकवते," ती म्हणाली. "हळू करून दाखवलं की दिसतं."

मला हे सुचलं नव्हतं. ते मी तिला तिथेच सांगितलं, आणि दुरुस्ती तिच्या प्रयोगासकट, दोघींच्या नावाने पाठवली.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर उत्तर आलं. "चालवून बघितलं. पटलं. हेच उदाहरण आणखी दोन पानांवर आहे. तीही कराल का?"

देसाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"ही दोन पानं कोण करणार?"

"रूपाली."

"मग सोमवारपासूनही ती इथे असायला हवी," असं म्हणून त्यांनी कन्फर्मेशनचं लेटर टाइप करायला सांगितलं. रूपाली जिन्यात जाऊन घरी फोन करून आली. तिचे डोळे लाल होते. मलाही इतका आनंद झाला होता, की तो लपवायला मी उगाच फाइली आवरत बसले.

या धंद्यात इतकी वर्षं काढून मी एवढं शिकले: कोड वाचला की बरोबर वाटतो, माझा तर जास्तच. आता तो मी रूपालीकडे तपासायला देते. गेल्या आठवड्यात तिने एक परत पाठवला. सोबत एकच ओळ होती: "मॅडम, एकदा चालवून बघा."

मी चालवून बघितला. तिचंच बरोबर होतं.