सरांना घाई असलेली मोजणी

आमच्या लॅबमध्ये किस्से साचतातच. मोजणी सुरू झाली की बसून राहण्याशिवाय दुसरं काम काय? लोखंडावर न्यूट्रॉन आदळले की गॅमा किरण निघतात. त्या किरणांमुळे रिअॅक्टरचे भाग किती तापतील, ते कळायला हवं. म्हणून आम्ही ते मोजतो, आठवडेच्या आठवडे! लॅब चालवणाऱ्या आमच्या सरांना थायरॉइडचा कॅन्सर निघाल्यापासून मात्र घाई आहे. हे आकडे त्यांना जिवंतपणी बघायचे आहेत.

*

लोखंडाची प्लेट आणायला मी लकडगंजला गेले.

"कूलरच्या स्टँडले पाहिजे का?" दुकानदार.

मी त्याला न्यूट्रॉनपासून रिअॅक्टरपर्यंत सगळं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग गंजलेलं चालते का?"

*

किरण टिपणारा आमचा डिटेक्टर द्रव नायट्रोजनवर थंड ठेवावा लागतो. ते काम टेक्निशियन भाऊंचं. एका सकाळी त्यांचे वडील वारले, नंदनवनच्या घरी. आता नायट्रोजन कोण भरणार, हे विचारायला मी फोन करणार, तेवढ्यात भाऊच दारात!

"भाऊ, तुम्ही काहून आले? मी भरते ना!"

"तुले जमत नाई ताई, हात जाळून घेशीन. बाबा थांबतीन, हे मशीन नाई थांबत."

नायट्रोजन भरून ते घाटावर गेले. मला दिवसभर स्वतःची लाज वाटत राहिली.

*

सीताबर्डीत सरांना जुना मित्र भेटला. "जिंदगीभर त्या किरणांत राहिला ना गा, म्हणूनच झालं!"

"आता औषध पण तेच देऊन राहिले," सर म्हणाले. "आजपर्यंत मी त्यांले मोजलं, आता ते मले मोजतीन!"

मित्र हसला नाही.

*

रोग हाडांत पोचला होता. सरांना किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला. दवाखान्यातून सुटल्यावर ते लॅबमध्ये आले, पण माणसांपासून लांब राहायचं म्हणून बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले.

थोड्या वेळानं आमच्या स्क्रीनवर एक नवीच रेघ उगवली. भाऊंनी केबल तपासल्या. मी तिची ऊर्जा पाहून तक्त्यात शोधली. रेघ आयोडीनची होती. डिटेक्टरला भिंतीपलीकडचे सर दिसत होते!

मी दारातूनच सांगितलं. सर हसले. "बरोबर आहे. मीच आहो तो." मग वर्गातल्या आवाजात म्हणाले, "जे लोखंडाचं नाही, ते सगळं बॅकग्राउंड, मोजणीत धरायचं नाही. भाऊ, मले वजा करा अन् समोर चला."

इतक्या वर्षांत भाऊंनी सरांचा शब्द कधी मोडला नव्हता. त्यांनी कीबोर्ड बाजूला सरकवला.

"नाई करत, सर."