न लागलेलं ग्रहण

ग्रहण पाळायला आधी ग्रहण लागावं लागतं. आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या घराने तेवढी अटही ठेवली नाही.

त्या मे महिन्यात सूर्यावर डागांचा मोठा पुंजका आला होता. साधारण अकरा वर्षांनी सूर्य असा अंगात आल्यासारखा वागतो. डाग वाढतात, स्फोट होतात आणि त्याचं वादळ पार पृथ्वीपर्यंत पोचतं. लडाखचं आकाश रात्री लाल झाल्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते. मी शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकातला धडा डोळ्यांसमोर घडतोय म्हटल्यावर मी हरखून गेले होते. मला सातवा महिना होता, शाळेला सुट्टी होती. रोज सकाळी गच्चीवर जाऊन दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायची आणि डाग कुठवर सरकले ते बघायचं, हा माझा नेम झाला होता.

मग टीव्हीवरच्या एका माणसाने ओरडून ओरडून सौर वादळाची बातमी दिली आणि सासूबाई कामाला लागल्या. पाण्याच्या हंड्यात तुळशीचं पान, लोणच्याच्या बरणीवर दर्भ. गच्चीवरच्या अर्ध्या ओल्या कुरडया खाली आल्या. मोबाईल स्टीलच्या डब्यात गेला आणि त्या डब्यातही तुळशीचं पान पडलं. मला हसू आवरेना. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“तू आज खोलीतून निघायचं नाही. काही चिरायचं नाही, शिवायचं नाही. सूर्यावर डाग पडून राह्यले, लेकरावर बी पडतील.”

मी समजावून बघितलं. हे वादळ उपग्रहांना छळतं, रेडिओ बिघडवतं. आपल्यावर हवेचं जाड पांघरूण आहे, पृथ्वीचं चुंबकत्व राखणीला आहे. ऊनसुद्धा त्याने वाढत नाही, दापोरा गावच्या केळी करपतात त्या वैशाखाच्या झळांनी. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. नवरा म्हणाला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, ऐकून घे.

एका दिवसाची किंमत मी त्याच घरात रोज बघत होते. चार वर्षांपूर्वी, ग्रहण चालू असताना, माझ्या मोठ्या जावेने भूक लागली म्हणून विळीवर काकडी चिरली. तिला मुलगी झाली ती फाटक्या ओठाची. डॉक्टरांनी ओठ शिवला, पोरगी आता घर डोक्यावर घेते. पण बारसं असो, हळदीकुंकू असो, सासूबाई ती काकडी काढणारच, आणि जाऊ मान खाली घालून चहा देणार. मला दिवस गेल्याचं कळल्यापासून तर सासूबाई तिच्या हाती विळीही देत नव्हत्या. भाजी त्या स्वतः चिरायच्या. मला त्याचा मनापासून संताप यायचा.

मी दुर्बीण उचलली. “आई, मी वर चालले. दोष लावायचा असेल तर आत्ताच लावून घ्या. नंतर मी ऐकून घेणार नाही.”

मला परत आणायला त्यांनी जावेलाच पाठवलं. ती लेकीला कडेवर घेऊन आली. मी तिला सूर्याकडे बघू नका, इथे बघा म्हणून पुठ्ठा दाखवला. रुपयाएवढं उजेडाचं वर्तुळ आणि त्यावर तिळाएवढे काळे ठिपके. पोरीने एका ठिपक्यावर बोट ठेवलं, तर ठिपका तिच्या नखावर आला. तिला गंमत वाटली, पुन्हा पुन्हा तेच.

जाऊ लेकीच्या नखाकडे बघत होती.

“यानं काही होत नाही म्हणते तू. मंग त्या टाइमाला, माझ्या काकडीनं?”

“ताई, तेव्हा तुम्हाला कितवा महिना होता?” इतक्या वेळा ती गोष्ट ऐकली होती, पण हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

“सातवा. तुझ्यासारखाच.”

“ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच जुळतो. जुळायचा तो तेव्हाच राहून गेला होता. काकडीच्या कितीतरी आधी.”

तिने पोरीला कडेवर घेतलं आणि तरातरा खाली गेली. मीही कठडा धरत मागोमाग उतरले. स्वयंपाकघरात पोचले तेव्हा तिने ओट्याखालून विळी ओढून मधोमध मांडली होती आणि टोपलीतली काकडी घेऊन ती बसली होती. सासूबाई हातात दर्भ घेऊन उभ्या होत्या.

“आज?” त्या म्हणाल्या.

“आज,” जाऊ म्हणाली आणि काकडी चिरली. पहिली फोड तिने लेकीला दिली, दुसरी मला. मी तिथेच उभ्याने खाल्ली. तिसरी तिने सासूबाईंपुढे धरली.

त्यांनी ती घेतली नाही. जावेने हातही मागे घेतला नाही.