वरच्या काकांची कोर्टातली तारीख

आमच्या वरच्या काकांइतका ‘नाही’ म्हणायला घाबरणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा सापडणार नाही. आता मी अमेरिका कितीशी पाहिली आहे? नेपरव्हिलमधलं त्यांचं घर, त्या घराचं बेसमेंट, ज्यात मी दोन वर्षं भाड्याने राहिले, आणि शिकागोला माझ्या कॉलेजपर्यंत नेणारी गाडी. तरीही हे विधान मी मागे घेणार नाही. ते आणि काकू वर राहायचे, मी खाली, म्हणून ते माझे वरचे काका.

दारावर कोणी खिडक्या विकायला आला की काका त्याला आत बोलावून चहा पाजायचे. त्यांच्या छपराची मोफत पाहणी पाच कंपन्यांनी केली होती आणि पाचही जणांना काकांनी “विचार करून कळवतो” असं इतक्या मायेने सांगितलं होतं, की ते दर वसंतात पुन्हा येत. दोन जिमचे ते मेंबर होते आणि एकाही जिमचं दार त्यांनी पाहिलं नव्हतं. ‘नाही’ची धाकटी बहीण म्हणजे ‘माहीत नाही’. तीही त्यांच्या तोंडून कधी निघायची नाही. एकदा इंडियानात आम्ही स्वतःच रस्ता चुकून एका पेट्रोल पंपावर उभे होतो. तेवढ्यात एका बाईने गाडीची काच खाली करून काकांना हायवे विचारला. काकांनी तिला दोन सिग्नल, एक चर्च आणि डावीकडचं वळण असं सगळं समजावून सांगितलं. ती आभार मानून गेली. काकू गाडीतूनच म्हणाल्या, “ह्यांनी रस्ता सांगितलेली माणसं अजून फिरतायत.” काका म्हणाले, “अगं, बिचारीने एवढ्या आशेने विचारलं होतं.”

फोनवर तर विचारूच नका. विमा विकणारे, सर्व्हे करणारे, तुमच्या गाडीची वॉरंटी संपली म्हणणारे, सगळ्यांशी ते शेवटपर्यंत बोलायचे. मी एकदा धीर करून म्हटलं, “काका, कट करा ना.” तर म्हणाले, “सकाळपासून शंभर जणांनी फोन आपटला असेल गं त्याच्यावर. एकाने तरी नको का नीट बोलायला?” अशाच एका वसुलीवाल्याचे फोन त्या हिवाळ्यात सुरू झाले. काही आठवड्यांत काकांना त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, त्याच्या मुलीचं बास्केटबॉल, सगळं ठाऊक झालं. तो नेमकी कसली वसुली करतोय हे मात्र विचारायचं राहून गेलं. ते कळलं एका शनिवारी, दारावर आलेल्या माणसाने काकांच्या हातात जाडजूड पाकीट ठेवलं तेव्हा. काकांनी त्यालाही चहा विचारला. तो बहुधा पहिल्यांदाच असं काही ऐकत असावा. “नो सर, थँक यू सर,” करत तो जवळजवळ पळाला.

ते कोर्टाचं समन्स होतं. काकूंनी मला वर हाक मारली. का, तर माझी ख्याती. वर्ध्याजवळच्या आमच्या गावात माझे बाबा शिवणकाम करतात आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे सहावीपासून घरातले, मग गल्लीतले, गॅसपासून रेशनकार्डापर्यंतचे सगळे अर्ज माझ्याकडे. कागद वाचायची मला सवय आहे. कळतोच असं नाही. हा मी तीनदा वाचला. ज्या कंपनीचं नाव काकांनी कधी ऐकलं नव्हतं, तिने एका दुकानाच्या क्रेडिट कार्डावरची काकांची जुनी थकबाकी विकत घेतली होती आणि व्याजाबिजासकट ती चौपट करून मागितली होती. ठरलेल्या मुदतीत उत्तर दिलं नाही तर निकाल आपोआप काकांच्या विरुद्ध, आणि मग दर पगारातून कपात. काका एका गोदामात पार्ट्स मोजायचं काम करायचे. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचं, असं त्या दोघांनी फ्रीजवर लिहून लावलं होतं.

“भरून टाकू,” काका म्हणाले.

“भरून टाकू म्हणे! ह्यांना वाटतं पैसे बेसमेंटमध्ये उगवतात,” काकू म्हणाल्या आणि लगेच माझ्याकडे वळल्या, “तुझ्या भाड्याबद्दल नाही हं म्हणत मी.”

मग हळूहळू कथा बाहेर आली. वीसेक वर्षांपूर्वी काका शिकागोजवळच्याच शॉमबर्गला आले तेव्हा काकू अजून भारतात होत्या आणि एका फ्लॅटमध्ये पाच जण राहत. नवीन आलेल्याला इथे कोणी उधार देत नाही. म्हणून घरात ज्याचं क्रेडिट असेल त्याच्या कार्डावर सगळ्यांच्या वस्तू घ्यायच्या आणि महिन्याला ज्याने त्याने आपापला वाटा द्यायचा, अशी पद्धत होती. काका इतरांच्या आधी अमेरिकेत आलेले, म्हणून क्रेडिट फक्त त्यांना होतं. पाच गाद्या, कुकर, मायक्रोवेव्ह, सगळं काकांच्या कार्डावर. त्यातल्या एका मित्राने क्रिकेटसाठी भिंतीएवढा टीव्ही घेतला, दोन महिन्यांत त्याची नोकरी गेली, व्हिसा गेला आणि तो नाशिकला परतला. “पाठवतो” म्हणाला होता. जमलं नसेल. त्याच वर्षी काकांचीही नोकरी गेली आणि कार्डाची बाकी तशीच राहिली. शरमेने असेल, पण त्या मित्राचा फोन पुन्हा कधी आला नाही.

“काका, मग कोर्टाला हेच सांगू या.”

“आणि त्याचं नाव घेऊ? शपथेवर?” काका पहिल्यांदाच माझ्यावर थोडे चिडले. “त्यापेक्षा दोन वर्षं आणखी पार्ट्स मोजीन मी.”

आमच्या कॉलेजात कायद्याची मोफत मदत मिळते. तिथे जायलाही मी घाबरत होते, आपला प्रश्न मूर्खासारखा असला तर? पण काकांना घेऊन गेले. तिथल्या वकीलबाईंनी शांतपणे सांगितलं, की कोणाचंही नाव घ्यायची गरज नाही. ही रक्कम काकांकडून येणं आहे आणि ते येणं आता आपल्या मालकीचं आहे, हे त्या कंपनीने सिद्ध करायचं आहे. शिवाय इतक्या जुन्या थकबाकीसाठी दावा करायची कायद्याची मुदत संपलेली दिसते. मात्र ते आपणच उत्तरात लिहायला हवं, कोर्ट आपल्यासाठी लिहिणार नाही. “आणि तोवर त्यांना एक सेंटही पाठवू नका. काही वेळा त्याने मुदत नव्याने मोजायला लागतात.”

काका अस्वस्थच. “पण मॅडम, टीव्ही तर आला होता घरात.”

“ज्या दुकानातून आला, ते दुकान आलंय का कोर्टात?” बाईंनी विचारलं. काकांनी खरोखर मागे वळून पाहिलं.

उत्तराच्या फॉर्ममध्ये दाव्याच्या प्रत्येक वाक्यापुढे तीनच पर्याय होते: मान्य, अमान्य किंवा माहीत नाही. ‘सदर कंपनी अमुक राज्यात नोंदलेली आहे.’ काका म्हणाले, “असेल की. लिही, मान्य.” “तुम्हाला माहीत आहे?” “नाही, पण ते कशाला खोटं बोलतील?” एका ‘माहीत नाही’ला वीस मिनिटं, अशी ती दुपार गेली. काकू मधूनमधून भजी आणून ठेवत आणि म्हणत, “म्हणा हो, जीभ झडत नाही.” मुदतीचा मुद्दा मी स्वच्छ अक्षरात लिहिला. सही करताना काकांचा चेहरा असा होता, जणू ते कोणाच्या तोंडावर दार लावताहेत.

हे झालं आणि चारच दिवसांनी मी कॉलेजला निघाले असताना, पत्रपेटीचं लाल निशाण वर केलेलं दिसलं, म्हणजे पोस्टमनने न्यायचं पत्र आत आहे. मागे काका, खांदे पाडून. मला शंका आली. “काका, कोणाला पत्र?” त्यांनी टोपी कानांवर ओढली. मग म्हणाले, “काही नाही गं, एक्कावन्न डॉलरचा चेक. आणि ग्रीटिंग कार्ड. दावा लढतोय तो लढतोय, पण माणसाला अगदी रिकाम्या हाताने कसं परत पाठवायचं?” वसुलीवाल्याच्या मुलीची फायनल होती म्हणे. मी आयुष्यात मोठ्यांवर आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी बर्फात उभं राहून चढवला. कोपऱ्यावर पोस्टाची गाडी वळत होती. काकांनी पाकीट बाहेर काढलं, चेक फाडला आणि अजिजीने विचारलं, “कार्ड चालेल?” मी म्हटलं, कार्डही नाही. त्यांनी ते खिशात ठेवलं.

तारखेच्या दिवशी मी लेक्चर बुडवलं. कोर्टाबाहेर बाकावर बसलो तेवढ्यात कंपनीचा वकील आला, माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठा, हातात वीस-पंचवीस फायलींचा ढीग. हसून त्याने काकांपुढे कागद धरला. निम्म्यावर मिटवू, महिन्याला थोडे थोडे द्या, इथे सही करा. त्याच्या घामेजल्या कपाळाकडे काका इतक्या कणवेने बघायला लागले, की मला वाटलं, संपलं. त्यांनी पेनही हातात घेतलं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. काकांनी पेनचं टोपण लावलं, ते त्याला परत दिलं आणि म्हणाले, “नो.” मग घाबरून, “सॉरी. बट नो.”

आत सगळं दहा मिनिटांत झालं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, शेवटचा हप्ता कधी भरला होता, त्याचा कागद? वकील फायली उलटत राहिला. हे येणं तुमच्या कंपनीकडे आलं, त्याचा कागद? त्याने पुढची तारीख मागितली. बाई म्हणाल्या, तुम्हाला पुरेसा वेळ दिला होता, आणि दावा मुदतीबाहेरचाही दिसतो. दावा फेटाळला. काकांनी वाकून नमस्कार केला, आधी न्यायाधीशांना, मग वकिलाला.

मला वाटलं होतं परतीच्या वाटेवर आम्ही गप्पा मारू, निदान काका पेढे तरी घ्यायला थांबतील. ते कुठेही थांबले नाहीत. घराशी गाडी उभी करून इंजिन बंद केलं तरी उतरले नाहीत. कोर्टाचा कागद चारदा वाचला. मग म्हणाले, “म्हणजे आता कोणीच कोणाचं काही देणं लागत नाही ना?”

“नाही काका. कोणीच नाही.”

“मग आता नाशिकला त्याला फोन करायला हरकत नाही.” त्यांनी मोबाइल काढला. “मीच नव्हता केला गं. त्याला वाटलं असतं, पैशांसाठी केला.”

एवढ्या वर्षांत नंबर कितीदा बदलला असेल, हे मला म्हणायचं होतं, ते मी गिळलं आणि आत गेले. काकूंना निकाल सांगितला. त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि विचारलं, “मग हे गाडीत काय करतायत?” आम्ही दोघी खिडकीत उभ्या राहिलो. काकांनी एक नंबर लावला, बराच वेळ कानाशी धरला, खाली ठेवला. चष्मा पुसला. मग दुसरा लावला. तिसऱ्या वेळी ते सीटवर एकदम सरळ बसले, आणि बंद काचेआडून आम्हाला ऐकू काहीच आलं नाही, नुसते त्यांचे हात दिसले, भिंतीएवढं काहीतरी हवेत मोजून दाखवणारे.