जहाजाची यारी

यंत्राने माणसाच्या मनातली भीती कायमची नाहीशी केली आहे. हे वाक्य माझं नाही. आमच्या विहिरीवर विजेची यारी बसवली त्या दिवशी पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनी ते माईकवरून उच्चारलं, आणि मग यारीपासून चांगलं लांब उभं राहून नारळ फोडला. मागे फ्लेक्स होता. त्यावर पुढारी, माझा थोरला भाऊ आणि यारी यांचे फोटो सारख्याच आकाराचे होते. हसत फक्त दोघे होते.

यारी म्हणजे विहिरीतला गाळ, दगड वर ओढून काढणारं यंत्र. लोखंडी खांब, वर कप्पी, तिच्यावरून गेलेली तार आणि तारेच्या टोकाला माणूस बसेल एवढी लोखंडी पाटी. गावोगाव ती डिझेलवर चालते. आमची निराळी होती. मोडीत निघालेल्या एका जहाजावर नांगराची साखळी ओढायला जी विजेची मशीन होती, ती दादाने भंगारातून आणली होती. समुद्र शिरूर कासारहून इतका लांब आहे की आमच्या गावातल्या बहुतेकांनी तो टीव्हीवरच पाहिलेला.

घ्यायच्या आधी दादा मला शिरूरच्या मिस्तरींकडे घेऊन गेला. त्यांच्याकडे दोन मशिनी होत्या. एक नवी, लहान, पाटी वर टेकली की आपोआप थांबणारी. दुसरी ही जहाजाची, गंजलेली, थोराड. दादाने तिच्यावर म्हशीच्या पाठीवर मारतात तशी थाप मारली.

“जहाज धरून ठिवलंय हिनं. आपली पाटी काय चीज हाय?”

“धरून ठिवंल, मालक,” मिस्तरी म्हणाले. “लाईट गेली तरी पाटी खाली येणार न्हाई, दात्यांची रचनाच तशी हाय. पण वर गेल्यावर थांबणार न्हाई. समुद्रात माणूस बटनापाशी हुबा ऱ्हायचा. आन हिचं हाताचं हँडल बी हरवलंय.”

“लाईट असताना हँडल कावून लागतंय?”

“लाईट नसताना लागतंय.”

यावर दादा हसला आणि मशीन टेम्पोत चढली. किती ओढते हे सगळे विचारतात. थांबते कशी हे विचारलं की माणूस भित्रा ठरतो. मी विचारलं नाही. तिची देखभाल मात्र माझ्याकडे आली, कारण मी ग्रंथपालाच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो आणि घरच्यांच्या मते रिकामा होतो. दर आठवड्याला दात्यांना ग्रीस, तारेला ऑईल, तारेचा एखादा पेड तुटलाय का ते जुन्या फडक्याने चाचपणं. फडकं अडकलं की समजायचं पेड तुटला.

दिवाळीनंतर गाव उसाच्या तोडीला गेलं. मागे म्हातारी माणसं, कुत्री आणि आम्ही उरलो. नेमका तेव्हाच पाण्याच्या मोटारीचा फुटबॉल गाळाने बसला. फुटबॉल म्हणजे पाइपच्या तळाची जाळी. ती साफ केल्याशिवाय पाणी वर येत नाही. आमच्या विहिरीला पायऱ्या नाहीत. गडी नाही. दादाचं वजन पाटीला झेपेल, पण दादाला पाटीत बसणं झेपेना. मी हलका. मी उतरलो.

काम झालं. दादाने वर बटण दाबलं, पाटी हळूहळू चढू लागली. विहिरीचा काठ दोन पुरुषांवर राहिला असेल, तेव्हा लाईट गेली. पाटी जागच्या जागी थांबली. मिस्तरींचं म्हणणं खरं होतं. ती इंचभरही खाली आली नाही.

दादा काठावरून डोकावला. “भेऊ नको. लाईनमनला फोन लावतो. हितं रेंज न्हाई, सडकंला जाऊन येतो. तुझी वैनी हाय हितं.”

तो गेला, आणि मग मला आठवलं ते आठवायला नको होतं.

आमच्याकडे लाईट कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून प्रत्येक मोटारीला ऑटो असतो. शेतकरी घरी जेवत असला तरी लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी. लाईट गेल्यावर बटण बंद करणं हा आमच्याकडे वेडेपणा समजतात. दादाने त्याच पद्धतीने यारीलाही ऑटो बसवला होता. म्हणजे लाईट आली की यारी सुरू होणार, मला वर ओढणार, आणि बटणापाशी कोणी नसल्यामुळे काठापाशी न थांबता थेट कप्पीवर नेऊन आदळणार. तार तुटली तर खाली काळं पाणी होतं. नाही तुटली तर मधे मी होतो.

“वहिनी! ऑटो बंद करा!”

वहिनींचं डोकं काठावर आलं. “पेटीला कुलूप हाय भावजी. स्टार्टर चोरून न्येत्यात म्हनून ह्ये जाताना लावून ग्येलं. किल्ली त्यांच्या करगोट्याला.”

“मग कुलूप फोडा!”

“कशानं? कुदळ तुमच्याच पाटीत हाय की!”

ती खरंच माझ्या पायाशी होती. मी ती वर फेकायचा प्रयत्न केला. ती काठाला लागून परत आली आणि माझ्या कानाजवळून पाण्यात गेली.

भीतीविषयी मी पुष्कळ वाचलं होतं. अशा वेळी माणसाला म्हणे आयुष्य आठवतं. मला काहीही आठवलं नाही. मी मान वर करून कप्पीकडे बघत राहिलो.

वहिनींनी बैलाचा नाडा बाभळीला बांधून खाली सोडला. “कंबरंला गुतवा. पाटी वर चढाया लागली की उडी टाका. मी हाय.”

“तुमच्याच्यानं मी ओढला जाईन का?”

“मी न्हाई ओढत. बाभूळ धरंल.”

मी नाडा बांधला. गाठ बसेना, बोटं दुसऱ्याची असल्यासारखी झाली होती. दुसरी गाठ आवळतोय तोच वहिनींचा आवाज आला, आणि पहिल्यांदाच त्यात कापरं होतं.

“भावजी, पेटीवरला बल्ब लागला!”

वर खटका पडला. मशीन गुरगुरली. तार ताणली, थरथरली, तो थरकाप पाटीतून माझ्या दातांत आला. मी उडी टाकायची होती. माझे हात तारेवरून सुटेनात. डोळे मिटले.

पाटी हलली नाही.

गुरगुर वाढली, मग जळक्या वार्निशचा वास विहिरीत उतरला. तेवढ्यात धावत आलेल्या दादाचा दम, कुलपाचा आवाज, आणि सगळं शांत. दादाने सडकेवरून दोघा-तिघांना बोलावलं आणि सगळ्यांनी मिळून मला नाड्याने ओढून काढलं. काठाची माती लागताच मी तिच्यावर पालथा पडलो. वहिनींनी पाणी दिलं.

दादा पेटीत डोकं घालून बसला होता. “तीनपैकी दोनच फेज आल्यात,” तो म्हणाला. “दोन फेजवर मोटार फिरत न्हाई, नुसती जळती. जळली बघ.” मग माझ्याकडे वळून, जणू माझीच चूक असावी तसं, “लाईनमन तर म्हनला, समदं चालू केलंय.”

तिसरी फेज दुसऱ्या दिवशी दुपारी आली.