ब्रेक निकामी झाला आणि दृष्ट धाकट्याची निघाली

मित्रहो, काल अंकुशनगरला मुक्काम असताना कोणीतरी आमच्या गाडीच्या ब्रेकची नळी अर्धवट कापली. आज वडीगोद्रीजवळ ब्रेक निकामी झाला. समोर उसाची ट्रॉली होती आणि गाडी धाकटा भाऊ चालवत होता.

"गिअर उतरव, हँडब्रेक हळूहळू ओढ," मी म्हणालो.

"दादा, तेच करून राह्यलो. तुमी गप बसा जरा."

त्याने गाडी नांगरलेल्या रानात घालून थांबवली.

घरी पत्नीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, ती फक्त त्याची. "भाऊजी होते म्हणून वाचलात," असे मला ऐकवले. विधान निर्विवाद आहे. म्हणूनच ते झोंबते.

निघण्यापूर्वी ब्रेक तपासत जा. आणि सांगा, त्याच गाडीत मीही होतो ना?