हयातीचा दाखला

कंपनीने मला फसवलं. ठरलेली पेन्शन बंद केली, माझ्या नावाने शेअर बाजारात गुंतवलेलं एक खातं उघडलं आणि साहेब म्हणाले, "आता पैसा तुमचा, मर्जी तुमची." जन्मभर कंपनीसाठी घासाघीस करून माल घेणारा मी भडकून विचारत राहिलो, "बाजार पडला तर?" साहेब घड्याळ बघत होते.

काल शेजारच्या सबनीस मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला, वहिनींना, सोबत म्हणून बँकेत गेलो होतो. सरकारी पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. मास्तरांचा अंगठा यंत्र घेईना. वहिनींनी तो पदराने पुसला. "काका, परत ठेवा," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"मेलो की काय गं मी?" मास्तरांनी विचारलं. रांगेतले सगळे म्हातारे हसले.

मला हसू आलं नाही. मास्तर आहेत का, हे दर वर्षी कोणीतरी विचारतं, आणि ते असेपर्यंत पैसे देतं. माझ्या असण्याची चौकशी कोणालाच नाही. मी जगेन तेवढं माझं खातं आटत जातं. परवा डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "काका, नव्वदी गाठणार तुम्ही!" मला दरदरून घाम फुटला.

शेवटी अंगठा उमटला. "चला, वर्षभर जिवंत!" मास्तर पायऱ्या उतरताना म्हणाले.

पैसा तुमचा म्हणणाऱ्या साहेबांनी मला एवढंच सांगावं: पैसा आधी संपला आणि मी उरलो, तर तो उरलेला मी कोणाचा?