विसू गाडीत, चावी खिशात

कुत्रा घेऊन फिरायला निघायचं म्हटलं की हॉटेलवाले किती नम्रपणे नकार देऊ शकतात, हे कुत्रा नसलेल्या माणसाला कधी कळायचं नाही. ‘चालेल ना सर, फक्त तो बाहेर झोपेल,’ एक जण म्हणाला. दुसऱ्यानं ‘छोटा आहे का?’ असं विचारलं. मी सत्याला स्मरून ‘सव्वीस किलो’ म्हणालो आणि फोन कट झाला. तिसऱ्या फोननंतर माझी बायको अनघा म्हणाली, “आपणच आपली खोली घेऊन जाऊ.”

म्हणून ही गाडी. जुनी व्हॅन, मागच्या सीट काढलेल्या, त्या जागी सुताराकडून करवून घेतलेला पलंग, खाली भांड्यांचे खण, छताला हवा बाहेर फेकणारा पंखा आणि त्याच्यासाठी वेगळी बॅटरी. अनघा हिला ‘कॅम्पर’ म्हणते. सुतार ‘चाकांचा दिवाण’ म्हणायचा आणि मला त्याचाच शब्द जास्त पटतो.

आता तिसऱ्या प्रवाशाची ओळख. विसूचं पूर्ण नाव विसर्ग. पांढऱ्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, एकाखाली एक असे दोन काळे ठिपके. शाळेत चोवीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाला दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. स्वभाव गरीब. अपवाद कोंबड्यांचा.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी साडेसहाला डोंबिवली सोडली. शहापूर, मग मुरबाड, मग टोकावडे असा तीन दिवसांचा बेत. कुत्रा असलेल्या माणसांना पडणारा एक प्रश्न आम्हालाही होताच: काही ठिकाणी त्याला नेता येत नाही, तेव्हा गाडीत एकटा ठेवायचा कसा? अनघानं महिनाभर वाचून शास्त्र तयार केलं होतं. खिडक्या चार बोटं उघड्या, त्यांना जाळी. पुढच्या काचेला चंदेरी पडदा. पाण्याचं भांडं सांडणार नाही असं. पंखा चालू. आणि आमचा जुना फोन आत एका पट्टीवर बसवलेला, त्यावरून व्हिडिओ कॉल, म्हणजे विसू काय करतो ते तिच्या फोनवर दिसत राहणार.

कल्याणहून पडघामार्गे नाशिक हायवेला लागलो. पुलांची कामं चालू आहेत, तेव्हा गुगलनं सांगितलेल्या वेळेत अर्धा तास मिळवा. वाशिंदला चहासाठी थांबलो आणि पहिला प्रयोग केला. विसू गाडीत, आम्ही वीस पावलांवर टपरीच्या बाकड्यावर, दोघांची डोकी एका फोनवर. शेजारी कारखान्याच्या निळ्या शर्टातले दोघे चहा पीत होते.

“कंची मॅच हाय रे?” एकानं दुसऱ्याला विचारलं.

दुसरा मान लांब करून बघून आला. “मॅच नाय. कुत्रा झोपलाय, तो बघतायत.”

“स्कोर काय?”

दुपारी शहापुरात बाजाराजवळच्या खाणावळीत जेवलो. दीडशे रुपयांत भाकरी, दोन भाज्या, आमटी, भात आणि वाढणाऱ्याचा आग्रह. भर उन्हात विसूला एकटं ठेवायचं नाही हा नियम, म्हणून पाळीपाळीनं जेवलो. रात्रीच्या मुक्कामासाठी आटगावजवळ एका शेतघराच्या आवारात गाडी लावली. त्याचे पाचशे, त्यात न्हाणीघर आणि सकाळचा चहा. तिथंच, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, विसूला तासभर एकटं ठेवून आम्ही स्टेशनापर्यंत पायी जाऊन आलो. फोनवर तो झोपलेला, उठलेला, पाणी प्यालेला, पुन्हा झोपलेला असा सविस्तर दिसला. परत आलो तर त्यानं एक डोळा उघडून ‘एवढ्यात?’ असं पाहिलं. शास्त्र सिद्ध झालं. माणसाला एवढंसं यश पुरतं आणि नडतंही.

दुसऱ्या दिवशी शहापूर-मुरबाड रस्ता धरला. रस्ता बरा, पाट्या कमी, दोन्ही बाजूंना कापलेली भातशेती आणि मध्येच पानं टाकून नुसत्या केशरी फुलांनी उभे राहिलेले पळस. मुरबाडच्या पुढे एका पाड्यावर गणपत राहतो. आमच्या शाळेत तो शिपाई होता. निवृत्त झाला आणि गावी भात लावू लागला. “सर, आमच्या डोंगरावर देवराई हाय, एकदा येवाच,” हे तो पाच वर्षं सांगत होता. देवराई म्हणजे देवासाठी राखलेलं रान. तिथं चामड्याची वहाण नेत नाहीत, फांदी तोडत नाहीत आणि कुत्रा नेत नाहीत.

“कुत्रा आपल्या अंगणात बांधा की,” गणपत म्हणाला.

अंगणात कोंबडी होती आणि तिच्यामागं अकरा पिल्लं. मी विसूकडे पाहिलं. विसू पिल्लं मोजत होता.

“गाडीतच बरा,” अनघा म्हणाली.

गाडी कुठं लावायची ते मी ठरवलं. खळ्याच्या कडेला एक मोठा आंबा होता आणि त्याची गडद, गार सावली पश्चिमेला लांबवर पडली होती. तिच्या बरोबर मध्ये गाडी लावली. गणपतचे दोन बैल मात्र झाडाच्या पलीकडच्या अंगाला, चक्क उन्हात बांधलेले. “बिचारे,” मी म्हणालो. “एवढी सावली असताना!” आणि वर उत्तरायण, सूर्याची गती वगैरे थोडं सांगितलंही. गणपत शिपाई होता तेव्हाही माझं म्हणणं असंच आदरानं ऐकून घ्यायचा.

साडेनऊला निघालो. अनघानं सगळं तपासलं: खिडक्या, पाणी, पंखा, फोन. मी दार लावलं, कुलूप केलं, चावी खिशात टाकली. “पावणेअकराला परत,” मी विसूला शब्द दिला.

देवराई खरोखर बघण्यासारखी आहे. आत शिरलं की ऊन मागं राहतं आणि आवाज वर जातो. मांडीएवढ्या जाड वेली, शेंदूर लावलेले दगड, पायाखाली पानांचा एवढा थर की चालताना आपण कुणाच्या तरी गादीवर चालतोय असं वाटावं. पण गणपतबरोबर कुठं जायचं तर वेळ गणपतचा. वाटेत तीन घरं, तीन चहा, प्रत्येक झाडाची वंशावळ. अनघा दर थोड्या वेळानं फोन बघत होती. विसू उशीवर हनुवटी टेकून, डावा कान उभा करून पडला होता.

“बघ किती शहाणा,” मी म्हणालो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “अहो, हा कान केव्हाचा उभाच आहे.”

“स्थितप्रज्ञ आहे तो.”

“आणि पोटही हलत नाहीये.”

मी फोन हातात घेतला. गणपतनं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

“सर, ह्या रानात रेंज नाय. आत शिरलो तवाच गेली. हे चित्र तवाचं हाय.”

धूर दिसला म्हणजे अग्नी असणार, हे अनुमान मुलांना शिकवण्यात माझी चोवीस वर्षं गेली. पण कालचा धूर बघून आजचा अग्नी मानू नये, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सव्वाबारा वाजले होते. आम्ही देवराईच्या बाहेर आलो आणि ऊन डोक्यावर हात ठेवल्यासारखं बसलं. फोनला अजूनही रेंज नव्हती.

उतार आम्ही कसा उतरलो ते नीट आठवत नाही. अनघा पुढं होती. एकदा घसरली, उठली आणि मागं न बघता पुन्हा पळाली. मी चावी मुठीत धरली होती, जणू एवढ्या लांबून ती काही उघडणार होती. बंद गाडी उन्हात किती लवकर तापते हे आम्ही दोघांनीही वाचलं होतं. पंखा तापलेलीच हवा फिरवत बसणार.  वाटेत बोललो असतो तर ‘तुम्ही’ आणि ‘तूच’ पासून सुरुवात झाली असती.

आंबा दिसला. सावली पश्चिमेची कधीच निघून गेली होती. आता ती उत्तरेला, बैलांच्या अंगावर होती आणि ते ‘बिचारे’ तिच्यात डोळे मिटून रवंथ करत होते. गाडी होती तिथं रणरणतं ऊन होतं. आणि गाडी नव्हती.

तिच्या जागी पेंढ्याची एक गंजी होती. गंजीला खाली चाकं होती.

छतावर भाताच्या पेंढ्याचे भारे एकावर एक रचलेले, फक्त पंख्याची जागा मोकळी. उन्हाच्या बाजूला बांबू टेकवून त्यावरही भारे. दुसऱ्या बाजूच्या खिडकीवर ओली गोणपाटं, त्यांतून पाणी टपकत होतं. आणि एका खिडकीच्या जाळीचा कोपरा उचकटून तिथून उभा चिरलेला बांबू पन्हळीसारखा आत घातलेला. त्याच्या बाहेरच्या टोकाला तांब्या घेऊन गणपतच्या थोरल्या वहिनी, हौसाबाई, उभ्या होत्या आणि आत कुणाशी तरी बोलत होत्या.

“पी. पी गो बाय, पी. आलं तुजं येडं मालक.”

विसू नर आहे. पण त्या वेळी त्याची काही हरकत दिसली नाही.

अनघानं चावी माझ्या हातातून हिसकावून दार उघडलं. डोक्यापासून शेपटीपर्यंत ओला विसू जिभेची झालर हलवत बाहेर आला, अनघाला चाटलं, मला चाटलं आणि मग तांब्याकडे परत गेला. अनघा तिथंच खळ्यात खाली बसली आणि रडू लागली. हौसाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडे वळल्या.

“मास्तर, सावली काय खुंटीला बांधून गेलते?”

“मला वाटलं तासाभरात—”

“आमी बैल सकाली उनात का बांधतो? दुपारी सावली आपल्या पायानं तिथं येते म्हनून. बैलाला ठाव हाय, तुमाला नाय!” बैलांनी दुजोरा दिल्यासारखी मान हलवली. “तो आत हाकाटी करत व्हता. दार वडलं, तं कुलूप. काच फोडावी तं आत त्यालाच लागंल. मंग सुनांना हाक मारली, नि घातला पेंढा. घराचं छप्पर गार व्हतं त्यानं, तुमचं नाय व्हनार?”

“तुमचे फार उपकार—”

“ते र्‍हाऊं द्या. चावी का नेली ते सांगा.”

 चावी माणूस नेतोच.

“आमी शेतावर जातो तं घराची चावी शेजारी ठेवून जातो,” त्या म्हणाल्या. “घरात म्हातारं असतं, वासरू असतं, चुलीत इंगल असतो. काय झालं तं कुनी आत जायाला नको? खिशात चावी ठेवून कुनाला राखन करता येते व्हय?”

गणपत मागं उभा होता. शाळेत मुख्याध्यापक मला बोलायचे तेव्हा तो असाच भिंतीकडे पाहायचा.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. विसू ओटीवर हौसाबाईंच्या पायाशी, खांबाला बांधलेला. कोंबडी अकराही पिल्लं घेऊन त्याच्यासमोरून दोनदा गेली. त्यानं मान उचलली, हौसाबाईंनी नुसतं “हां!” केलं, त्यानं मान खाली ठेवली. एवढं आज्ञापालन आम्हाला तीन वर्षांत मिळालेलं नाही. मग सगळ्यांनी मिळून गाडीवरचे भारे उतरवले. मला एकही नीट झेलता आला नाही, आणि त्यावर सुना जे हसल्या ते मी इथं पूर्ण मनानं नोंदवतो, कारण तेवढं माझं देणं होतं.

अशा सहलीचा बेत करत असाल तर आमचं सुधारलेलं शास्त्र असं: दुपारी कुत्र्याला गाडीत एकटं ठेवूच नका. सकाळी किंवा संध्याकाळी ठेवायचंच असेल तर परत येईपर्यंत सावली कुठं असेल ते गावातल्या माणसाला विचारा. माणूस नसेल तर जनावरं कुठं बांधलीत ते बघा. फोनवरच्या चित्रावर भरवसा ठेवाल तर ते केव्हाचं आहे तेही बघा. आणि चावी कुणाला तरी देऊन जा.

तिसऱ्या दिवशी सकाळी टोकावड्याला पोचलो. इथून रस्ता माळशेज घाटाकडे जातो, एसटी पुढ्यातूनच जातात आणि रस्त्याकडेच्या ढाब्यांवर गरम भजी मिळतात. नदीच्या पात्रापर्यंत अर्धा तास जाऊन यायचं होतं. मी ढाबेवाल्यापुढं चावी ठेवली.

“गाडीत कुत्रा आहे. ऊन आलं, ओरडला, काहीही वाटलं तर उघडा.”

त्यानं चावीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. “गाडीची चावी देताय? वलख ना पालख?”

“हो.”

“नि मी गाडी घेऊन गेलो तं?”

“तर कुत्र्याला पाणी पाजत जा,” अनघा म्हणाली.

तो हसला आणि चावी गल्ल्याच्या वरच्या खिळ्याला टांगली. परत आलो तेव्हा विसू गाडीत नव्हता. गल्ल्याशेजारच्या खुर्चीखाली गार फरशीवर पोट टेकून पडला होता. “एकटाच व्हता, बरं नाय वाटलं,” ढाबेवाला म्हणाला. भज्यांचे पैसे त्यानं घेतले, विसूनं खाल्लेल्या चपात्यांचे घेतले नाहीत.

संध्याकाळी घरी पोचलो. आज आठवडा झाला, तरी गाडीच्या फटींतून पेंढ्याच्या काड्या निघतायत आणि अनघा त्या काढू देत नाही. मला मात्र वेगळंच काही टोचत होतं. आम्ही दोघंही दिवसभर कामाला जातो. विसू घरात एकटा असतो. दाराला बाहेरून कुलूप, आणि त्याच्या दोन्ही चाव्या आमच्या खिशात.

परवा एक चावी करून आणली आणि समोरच्या दिघ्यांची बेल वाजवली. निवृत्त, एकटे, अकरा वर्षांपासूनचे शेजारी. आमचं बोलणं लिफ्ट आणि पाणी या दोन विषयांपुरतं. मी चावी पुढं केली. विसू, ऊन, पेंढा, हौसाबाई, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चावी घेतली आणि आत गेले. मला वाटलं, झालं. तेवढ्यात ते परत आले. हातात त्यांच्या दाराची चावी होती.

“ही तुमच्याकडे असू द्या,” ते म्हणाले. “सकाळी नऊपर्यंत माझं दार उघडलं नाही तर आत या.”

चावीला, कुणाला द्यायला वेगळी काढून ठेवावी तसा, लाल दोरा बांधलेला होता. दोरा नवा नव्हता.